मिस केझाया, नंबर एकोणचाळीस

लूमिस बंदूक कारखान्यात प्रत्येक बंदुकीला नाव असायचं आणि वय असायचं. नाव घरातल्या नाहीतर गोतावळ्यातल्या कुणाचं तरी, आणि नंबर म्हणजे त्या माणसाचं त्या वर्षीचं वय. हा नियम कॅप्टन झेनास लूमिसने स्वतः काढला होता आणि कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर ठळक छापला होता, म्हणजे दुकानदारांनी उगाच पत्रं पाठवून डोकं खायला नको.

"बंदूक लोकांच्या घरात राहायला जाते," कॅप्टन म्हणायचा. "तिला नाव नको? उद्या तुझ्या दारात कुणी उभं राहिलं आणि म्हणालं, मी मॉडेल बारा, तर घेशील का आत?"

आता यावर कोण काय बोलणार? शिवाय कॅप्टनचा दुसरा नियम असा, की दर वसंतात प्रत्येक बंदुकीत काहीतरी सुधारणा झालीच पाहिजे. कधी चाप बदलायचा, कधी दस्त्याचा बाक, कधी नुसता एखादा स्क्रू. म्हणजे 'सायलसकाका ६८' नंतर 'सायलसकाका ६९', मग ७०, असं ते चालायचं. माणूस आणि बंदूक दोघं मिळून म्हातारी व्हायची. दुकानदारही खूश असायचे. आकडा मोठा तो माल नवा, हे शेंबड्या पोरालाही कळायचं.

सायलसकाका चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारला तेव्हा मात्र पंचाईत झाली. माणूस गेला, पण बंदूक तर धडाक्यात खपत होती! पुढच्या सुधारणेला नंबर काय द्यायचा? कॅप्टनचं म्हणणं, स्वर्गात काय वाढदिवस होत नाहीत? पाद्रीसाहेबांचं म्हणणं, तिथे काळच नाही, तर वय कुठून येणार. दोन रविवार प्रार्थना सोडून चर्चमध्ये हाच वाद रंगला. शेवटी 'सायलसकाका ७४, चिरंतन' असं ठरलं आणि आमच्या मिलफोर्क गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

या सगळ्या नावा-नंबरांची जाडजूड वही सांभाळायचं काम ऑरिन पेकहॅमकडे होतं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, एकटा, काटकुळा, हॅट डोक्यावर कमी आणि हातात जास्त. कोणत्या बंदुकीचा कोणता स्क्रू कधी बदलला हे त्याला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. पण त्याच माणसाला "चहा घेणार की कॉफी?" असं विचारलं तर पाव तास घाम पुसत बसेल. असा तो.

आणि या ऑरिनचा जीव कॅप्टनच्या बहिणीवर, मिस केझाया लूमिसवर जडला होता. आजकालचा नाही हो, पंधरा वर्षांपासूनचा! ती सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं, असं त्याला वाटायचं. दर शनिवारी तो लूमिसांच्या घरी बीन्स आणि काळा पाव खायला जायचा, टेबलावर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा, मिठाची वाटी तिच्याकडे सरकवायचा आणि घरी परत यायचा. त्या मिठाच्या वाटीवर त्याचा पुढचा आठवडा निघायचा.

मिस केझायाच्या नावाची बंदूक निघाली ती १८७८ साली. छोटी, हलकी, अंगणातले कावळे आणि खारी हाकलायला झकास. ऑरिन तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. त्याने घाबरत घाबरत वय विचारलं, तिने ताठ मानेने एकोणचाळीस सांगितलं, आणि 'मिस केझाया ३९' बाजारात गेली. कारखान्यातल्या कुठल्याच बंदुकीला असलं गिऱ्हाईक नव्हतं.

पुढच्या वसंतात बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, बदलली. ऑरिन पुन्हा हॅट हातात घेऊन तिच्या दाराशी उभा.

"मॅडम, यंदाचा नंबर?"

ती मटार सोलत होती. तिने त्याच्याकडे टक लावून बघितलं. चांगलं अर्धं मिनिट बघितलं.

"तुम्हाला मी केवढी दिसते, मिस्टर पेकहॅम?"

"एकोणचाळीस," ऑरिन म्हणाला. खरंच तेवढी दिसत होती म्हणून म्हणाला.

"मग तेच लिहा. मी यंदाही एकोणचाळीसच आहे."

ऑरिन कारखान्यात परतला आणि डोकं धरून बसला. एकाच नावाच्या, एकाच नंबरच्या दोन बंदुका चालायच्या नाहीत. बाईंना चाळीस लिहायचं तर जीव गेला तरी शक्य नाही. दुपारभर पेन्सिल चावून चावून त्याने तोडगा काढला आणि वहीत लिहिलं, 'मिस केझाया ३९ १/२'. त्याच्या पुढच्या वर्षी ३९ ३/४. 'पावणेचाळीस' म्हणायची सोय नव्हती, कारण त्यात चाळीस येतात. मग ३९ ७/८. मग ३९ १५/१६. दर वर्षी चाळिशीपर्यंतचं जेवढं अंतर उरलंय त्याच्या निम्मंच पुढे सरकायचं, अशी ती युक्ती होती. जगबुडीपर्यंत सुधारणा केल्या तरी मिस केझाया चाळीस व्हायची नाही! ऑरिनला या हिशेबाचा एवढा अभिमान होता की काय सांगू. काही पुरुष बायकांना फुलं देतात, याने अपूर्णांक दिले.

कॅप्टनने पहिल्यांदा वही बघितली तेव्हा तो नुसता खाकरला. यादवी युद्धात तोफांच्या तोंडी गेलेला माणूस, पण बहिणीला वय विचारायची त्याची छाती नव्हती.

असं करता करता १८९३ साल उजाडलं आणि यंदाचा नंबर आला ३९ ३२७६७/३२७६८. आता हे कोरायचं कुठे? नळीवर आकडे कोरणारा कारागीर भिंग आपटत ऑरिनच्या टेबलापाशी आला.

"पेकहॅम, हे बास झालं हां! एकतर नळी लांब करा, नाहीतर बाईंचं वय वाढवा. दोन्हीपैकी एक काहीतरी करा, नाहीतर मी चाललो गावाला."

तेवढ्यात नेब्रास्काहून एक पत्र आलं. तिथल्या एका दुकानदाराला चापाची स्प्रिंग हवी होती, 'मिस केझाया ३९ ५११/५१२' ची. त्याने तार करायला घेतली. तारमास्तरने ते आकडे बघितले आणि त्याची खात्रीच पटली, की ही बँक लुटणाऱ्यांची सांकेतिक भाषा आहे. त्याने शेरीफला बोलावलं. शेरीफने दुकानदाराला विचारलं, हे काय आहे? दुकानदार म्हणाला, हे एका बाईचं वय आहे. झालं! शेरीफने त्याला दोन दिवस कोंडून ठेवलं.

'एका बाईच्या वयापायी मी गजाआड बसलो,' दुकानदाराने लिहिलं होतं, 'आणि एवढं करून तुम्ही स्प्रिंग पाठवलीत ती १०२३/१०२४ ची. ती बसत नाही. तुम्हा लोकांना काही लाज?'

हे पत्र कॅप्टनच्या मुलाच्या, एव्हरेटच्या हातात पडलं. एव्हरेट बॉस्टनला यंत्रविद्या शिकून नुकताच परतला होता, आणि शिकून आलेल्या पोरांना जे होतं ते त्यालाही झालं होतं. त्याला सगळीकडे गोंधळ दिसत होता. इथे तर गोंधळ होताच, त्यामुळे त्याला बोलायला आयतं फावलं.

"बाबा, हा पोरखेळ आता बंद," तो बापाच्या ऑफिसात टेबलावर हात आपटून म्हणाला. ऑरिन वही छातीशी धरून कोपऱ्यात उभा होता. "यापुढे बंदुकीचं नाव म्हणजे तिचं साल. मॉडेल १८९३. संपलं. आणि जुन्या गिऱ्हाइकांसाठी कॅटलॉगच्या शेवटी एक तक्ता छापायचा. डावीकडे जुनं नाव आणि नंबर, उजवीकडे ती बंदूक निघाली ते साल."

"मॉडेल १८९३," कॅप्टन तोंड वाकडं करून म्हणाला. "ही काय बंदूक झाली? ही तर थडग्यावरची तारीख झाली." पण नेब्रास्काच्या पत्राने तोही हबकला होता. "कर बाबा काय करायचं ते. पेकहॅम, शनिवारपर्यंत तक्ता छापखान्यात गेला पाहिजे."

ऑरिनच्या पायाखालची जमीन सरकली. अहो, सरळ गोष्ट होती! पहिल्या पानावर छापलेलं, की नंबर म्हणजे वय. शेवटच्या पानावर छापणार, की केझाया एकोणचाळीस १८७८ ची आणि केझाया एकोणचाळीस-आणि-वर-थोडं १८९३ ची. चाळीस हजार प्रती. मेनपासून टेक्सासपर्यंतचा प्रत्येक खिळेविक्या जिभेला पेन्सिल लावून वजाबाकी करणार आणि म्हणणार, अरेच्चा, बाई चोपन्न वर्षांची की! आणि तक्त्याखाली सही कुणाची? ऑरिन पेकहॅमची. मग कसला शनिवार आणि कसली मिठाची वाटी? ती त्याचं तोंडसुद्धा बघणार नाही.

गुरुवारी त्याने एव्हरेटपुढे पहिला तक्ता ठेवला. त्यात मिस केझायाच्या सोळाच्या सोळा बंदुका एकट्या १८७८ साली निघाल्याचं लिहिलं होतं.

"पेकहॅमकाका," एव्हरेट शांतपणे म्हणाला, "एका वर्षात सोळा नंबर? त्या वर्षी कारखान्यात देवदूत कामाला होते का?"

"हवामान चांगलं होतं," ऑरिन पुटपुटला.

शुक्रवारी सकाळी त्याने दुसरा तक्ता आणला. त्यात मिस केझायाचं नावच नव्हतं.

"सगळ्यात जास्त खपणारी बंदूक गाळलीत? वा! मग कारखानाच गाळून टाकू ना आपण!"

"मग निदान सालं रोमन आकड्यांत लिहू? टेक्सासमध्ये फारसं कुणाला—"

"काका!" एव्हरेटचा आवाज चढला. "उद्या दुपारी तक्ता मिळाला नाही तर मी स्वतः बनवीन. आणि आत्याच्या ओळी सगळ्यात वर टाकीन. ठळक अक्षरात."

ऑरिनला रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून त्याने तिसरा तक्ता लिहिला, खराखुरा, एकही खोट नसलेला. मग घडी करून खिशात घातला आणि छापखान्याकडे न जाता तडक लूमिसांच्या घरी निघाला. दुसऱ्या कुणी तिला सांगण्यापेक्षा आपणच सांगावं, आणि जे काय जोडे बसायचे ते समोरासमोर खावेत, असं त्याने ठरवलं होतं. वाटेत दोनदा तो परत फिरला, हेही सांगायला हवं. एकदा तर पार पुलापर्यंत गेला होता.

मिस केझाया मागच्या अंगणात बाकावर बसून सफरचंदं सोलत होती. ऑक्टोबरचं छान ऊन पडलं होतं. टोपलीभर सफरचंदं, पायाशी सालींचा ढीग, आणि बाजूला भिंतीला टेकवलेली बंदूक, कावळ्यांसाठी.

"या मिस्टर पेकहॅम. आज लवकर? बीन्स अजून शिजायच्यात."

ऑरिनने खिशातून तक्ता काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

तिने सुरी बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. सायलसकाका झाला. बाकीचं गणगोत झालं. मग तिच्या नावाच्या सोळा ओळी आल्या. ती एकेका ओळीवर बोट ठेवत खाली उतरत होती आणि ऑरिनला वाटत होतं की ते बोट आपल्या बरगड्यांवरून फिरतंय.

"हे छापणार?"

"एव्हरेटसाहेबांचा हुकूम आहे, मॅडम. मी फार प्रयत्न केला. रोमन आकड्यांपर्यंत गेलो. मला माफ करा. तुमचं वय चाळीस हजार लोकांना—"

"वयाला घाला चुलीत!" ती एकदम ओरडली. झाडावरचे दोन कावळे बंदुकीची वाटही न बघता उडाले. "वय काय गावात कुणाला माहीत नाही? पाद्रीसाहेबांच्या वहीत माझी जन्मतारीख आहे! मी सोळा ओळी बघतेय, मिस्टर पेकहॅम! सोळा!"

"हो मॅडम. दर वसंतात एक."

"दर वसंतात एक. दर वसंतात तुम्ही हॅट हातात घेऊन माझ्या दारात यायचात. दर वसंतात मला वाटायचं, आज विचारतील. आणि तुम्ही काय विचारायचात? नंबर!"

ऑरिनच्या हातातली हॅट खाली पडली.

"आईला मी शब्द दिला होता," ती म्हणाली. "ती जाताना हात धरून म्हणाली, केझाया, चाळिशीच्या आत लग्न कर. मी हो म्हटलं. मग तुम्ही आलात कारखान्यात. मार्चमध्ये आलात, आणि एप्रिलमध्ये मला एकोणचाळीस पूर्ण झाली. मी म्हटलं, बरं झालं, अजून वर्ष आहे, माणूस बरा दिसतोय. वर्ष संपलं. तुमची आपली दातखीळ. म्हटलं, लाजाळू आहे बिचारा, आपणच जरा थांबू. म्हणून मी एकोणचाळीसवर थांबले. तुमच्यासाठी थांबले, अहो! आणि तुम्ही मला अपूर्णांक देत बसलात!"

"मला वाटलं," ऑरिन कसाबसा म्हणाला, "तुम्हाला तरुण राहायचंय."

"तरुण! गुडघे धरून जिना चढते मी!"

"आणि कुठे कॅप्टनची बहीण, कुठे वहीवाला कारकून... मला वाटलं, मी विचारलं तर शनिवारही बंद होईल."

मिस केझायाने चष्मा काढला, एप्रनला पुसला आणि पुन्हा लावला. तक्त्यावरची शेवटची ओळ तिने डोळ्यांजवळ नेली.

"हे खाली छत्तीस मुंग्या चिरडल्यासारखं काय लिहिलंय? यंदाचा नंबर?"

"एकोणचाळीस पूर्णांक, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट छेद बत्तीस हजार सातशे अडुसष्ट."

"म्हणजे चाळिशीला किती उरलं?"

"एका वर्षाचा बत्तीस हजार सातशे अडुसष्टावा भाग."

"माणसांच्या भाषेत सांगा."

ऑरिनने डोळे मिटले. हिशेब म्हटल्यावर त्याची जीभ सुटली. "सोळा मिनिटं, मॅडम. वर दोन सेकंद."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि सुरी उचलून पुढचं सफरचंद हातात घेतलं. "तेवढा वेळ आहे तुमच्याकडे. त्यानंतर मी चाळीस. मग आईला दिलेला शब्दही गेला आणि तुम्हीही गेलात. घड्याळ काढा."

ऑरिनने घड्याळ काढलं. दहा वाजून चार मिनिटं झाली होती. त्याने घसा साफ केला. हॅट उचलली. हॅट खाली ठेवली. आकाशाकडे बघितलं. "मिस केझाया," तो म्हणाला, आणि पुढची तीन मिनिटं काहीच म्हणाला नाही.

मग त्याला आठवलं की अशा वेळी गुडघ्यावर बसतात. तो बसला, पण नेमका सालींच्या ढिगावर. पाय असा काही सटकला की तो टोपलीसकट बाकाखाली गेला आणि सफरचंदं अंगणभर झाली. मिस केझायाने मान वळवली नाही. ती सोलत राहिली. त्याने सफरचंदं गोळा केली, एकूण एक केली, कारण घाबरला की त्याला काहीतरी आवरायला लागायचं. दहा वाजून बारा मिनिटं.

तेवढ्यात मागच्या दारातून कॅप्टन बाहेर आला. त्याच्या मागून एव्हरेट.

"पेकहॅम! तू इथे? तक्ता झाला का? छापखान्याचा माणूस खोळंबलाय."

"झेनास, आत जा," मिस केझाया म्हणाली. "यांच्याकडे आठच मिनिटं उरली आहेत."

"कसली मिनिटं?"

"आत जा म्हणते ना!"

कॅप्टन आत गेला. एव्हरेट मात्र दाराच्या फटीत उभा राहिला, आणि फटीत नंतर कॅप्टनचीही दाढी दिसायला लागली.

ऑरिन पुन्हा गुडघ्यावर बसला. या वेळी गवतावर, जागा चाचपून. त्याच्या कोटाला साली चिकटल्या होत्या, कपाळावर घाम होता, आणि छातीत असं काही धडधडत होतं की त्या सोळाही बंदुका एकदम उडवल्या तरी एवढा आवाज व्हायचा नाही. त्याने घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि तिच्याकडे बघितलं. तिच्या हातातली सुरी थांबली होती. तिची हनुवटी थरथरत होती. तिलाही भीती वाटतेय, हे त्याला पंधरा वर्षांत पहिल्यांदाच दिसलं.

"केझाया," तो म्हणाला. मिस नाही, मॅडम नाही. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवसापासून आहे. मी मूर्ख माणूस आहे. माझ्याशी लग्न कराल का?"

"करीन," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. "करीन हो. एवढंसं वाक्य! एवढ्याशा वाक्यासाठी—" त्याने रुमाल दिला. तो सफरचंदाच्या रसाने चिकट झाला होता, पण तिने घेतला.

"किती उरली?" तिने नाक पुसत विचारलं.

ऑरिनने घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं."

"म्हणजे चाळिशीच्या आत जमलं."

"आत जमलं."

मग तिने हात धरून त्याला उठवलं आणि ती तीन मिनिटं दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून राहिली. दाराआडून एव्हरेट काहीतरी बोलायला गेला, तर कॅप्टनने त्याच्या तोंडावर हात ठेवला. वेळ संपल्यावर केझायाने ऑरिनच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, तक्ता मांडीवर सरळ केला, शेवटच्या ओळीतला तो सगळा अपूर्णांक एका रेघेने खोडला आणि त्याच्या जागी ठसठशीत अक्षरात लिहिलं, चोपन्न.